टोरांटो, मार्गे प्रकाशा

टोरांटो हे कॅनडातले सर्वांत मोठे शहर असून ते ऑन्टारियो सरोवराच्या उत्तर काठावर वसलेले आहे. लोणखेड्यात ते 'पोराकडे' या नावाने ओळखले जाते. "आबा दिसत नाहीत बरेच दिवस?" असे कोणी विचारले आणि "पोराकडे गेलेत" असे उत्तर आले, तर पोरगा पुण्यात आहे की टोरांटोत, हे सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ओळखावे लागते. पुणे असेल तर तो आपल्या कामाला लागतो. टोरांटो असेल तर पुढचा प्रश्न येईपर्यंत तिथेच उभा राहतो.

शहाद्याला लागून, गोमाईच्या काठी असलेल्या या गावाहून टोरांटोला जाणारा रस्ता प्रकाशा येथे तापी ओलांडून नंदुरबारला पोहोचतो. पुढे रेल्वे, मग मुंबई किंवा दिल्ली, मग विमान. दिल्लीहून थेट विमान घेतले तरी चौदा-पंधरा तास लागतात. या प्रवासाविषयी परतल्यावर गावाला एकच माहिती मिळते, ती म्हणजे पाय सुजले होते.

शहराच्या नावाचे मूळ मोहॉक भाषेतल्या 'तकारोंतो' या शब्दात असल्याचे मानतात. पाण्यात झाडे उभी आहेत ती जागा, असा त्याचा अर्थ. मासे अडवण्यासाठी पाण्यात रोवलेल्या खुंट्यांवरून तो आला. लोणखेड्यात मात्र टोरांटोचा संबंध सरळ तोरणमाळशी लावला जातो. तिथेही थंडी, इथेही थंडी. तिथेही तळे, इथेही तळे. व्युत्पत्तिशास्त्रात याहून तकलादू पुराव्यावर मोठमोठी घराणी उभी आहेत.

लोणखेड्याहून हे शहर पाहायला जाणारे बहुधा कोणाचे तरी आई-वडील असतात. कॅनडाने 2011 च्या अखेरीस आई-वडील आणि आजी-आजोबांसाठी सुपर व्हिसा सुरू केला. त्यावर आता एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येते. त्यातली एक अट अशी की किमान एक लाख डॉलरचा आरोग्य विमा हवा. हा आकडा कळल्यापासून माय टोरांटोत शिंकायलाही घाबरते. पाच वर्षांची मुभा असली तरी शहर पाहणे तीन-चार दिवसांत उरकावे लागते, कारण पोराची रजाच तेवढी. उरलेले महिने खिडकीतून खारी पाहण्यात जातात. टोरांटोच्या खारी काळ्याभोर असतात आणि त्यांच्या पाठीवर पट्टे नसतात. सेतू बांधायला यांच्यातले कोणी आले नव्हते, हे मायला पहिल्याच दिवशी कळते.

या तीन-चार दिवसांसाठी 1 जुलैच्या आसपासची सुटी सोयीची पडते. 1867 साली याच तारखेला कॅनडा हे राष्ट्र अस्तित्वात आले, म्हणून देशभर सुटी असते आणि रात्री फटाके उडतात. 1998 साली याच तारखेला धुळ्यातून फुटून नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. आबा हे यजमानांच्या गोऱ्या शेजाऱ्याला सांगतात आणि शेजारी त्यांचे मनापासून अभिनंदन करतो.

पर्यटनाची सुरुवात खरे तर बॅगेपासून होते. माणशी दोन बॅगा, प्रत्येकी 23 किलो, या हिशेबात दोन जोडी कपडे एका कोपऱ्यात दबून बसतात आणि बाकीची जागा शिधा घेतो. कळण्याचे पीठ, नंदुरबारची लाल मिरची, आमचूर, उडदाचे पापड, ज्वारीचे बिबडे, तिखट शेव आणि गोधडीत गुंडाळलेला खलबत्ता. विमानतळावर खाण्याचे पदार्थ जाहीर करावे लागतात. कळणे म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेले पीठ, एवढे सांगायला मराठीत एक वाक्य पुरते. करड्या रंगाची पाच किलोची पिशवी हातात धरलेल्या अधिकाऱ्याला तेच इंग्रजीत सांगायला पोराला बाहेरून फोनवर घ्यावे लागते. सुटका झाली की बाहेर दोघांना मोठा उजेड दिसतो. जूनच्या अखेरीस तिथे सूर्य नऊच्या सुमारास मावळतो. त्या वेळी लोणखेड्यात दुसऱ्या दिवशीचे साडेसहा वाजलेले असतात आणि अंगणात सडा पडत असतो. दिवेलागणीच्या आत जेवायचे असा नेम असणाऱ्यांना टोरांटोइतके सैल गाव दुसरे मिळणार नाही.

शहर पाहण्यापूर्वी त्याचे चलन समजून घ्यावे लागते. कॅनडाचा डॉलर साठ-पासष्ट रुपयांच्या घरात असतो, पण लोणखेड्याचा हिशेब रुपयांवर थांबत नाही. तिकिटाचे आधी रुपये होतात, मग रुपयांची पपई होते. शहादा तालुका पपईचा, आणि दर हंगामात शेतकरी आणि व्यापाऱ्यांत तिच्या दरावरून बैठका झडतात. त्यामुळे हे माप आबांच्या हाडात मुरलेले असते. एकदा मनोऱ्याच्या तिकिटाच्या खिडकीशी त्यांच्या डोळ्यांसमोर अर्धी ट्रॉली पपई रिकामी झाली की पुढच्या प्रत्येक ठिकाणी ते "मी खाली थांबतो, तुम्ही जाऊन या" असे म्हणू लागतात. त्यात पाटीवरची किंमत ही खरी किंमत नसतेच. ऑन्टारियोत तिच्यावर 13 टक्के कर चढतो. हॉटेलात त्यावर बक्षिसी, आणि ती किती द्यायची हे कार्डाचे यंत्रच सुचवते : पंधरा, अठरा की वीस टक्के. बाजार समितीत भाव पुकारला जातो एक, आणि हमाली-तोलाई वजा होऊन पट्टी हातात पडते ती कमीची. इथे तोच खेळ उलट्या दिशेने चालतो. शेतकरी विकायला गेला तर कमी आणि खायला बसला तर जास्त, एवढा नियम दोन्ही खंडांत सारखा असल्याचे आबा नोंदवतात. एक सेंटचे नाणे कॅनडाने 2013 साली चलनातून काढून घेतले, तेव्हापासून रोखीचा हिशेब पाच सेंटांच्या पटीत होतो. वाण्याने सुट्ट्याऐवजी चॉकलेट देण्याची पद्धत मात्र तिथे अजून पोहोचलेली नाही.

पहिल्या दिवशी सी. एन. टॉवर पाहण्याचा प्रघात आहे. हा मनोरा 1976 साली लोकांसाठी खुला झाला. उंची 553 मीटर. कॅनेडियन नॅशनल या रेल्वे कंपनीने तो बांधला, कारण शहरात उंच इमारती झाल्या आणि दूरचित्रवाणीचे चित्र नीट दिसेना. अँटेना हलवायला पोराला कौलावर चढवण्याचा काळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे कारण लगेच पटते. तीस वर्षांहून अधिक काळ तो जगातली सर्वांत उंच स्वतंत्र उभी वास्तू होता. 2007 साली दुबईच्या बुर्ज खलिफाने बांधकाम चालू असतानाच त्याला मागे टाकले. लिफ्ट 58 सेकंदांत वर नेते. वर 342 मीटर उंचीवर 1994 साली बसवलेली काचेची जमीन आहे. तिच्यावर चौदा पाणघोडे उभे राहिले तरी ती तुटणार नाही, असे पर्यटकांना सांगितले जाई. चौदा पाणघोडे लिफ्टने वर आणणार कोण, हा आबांचा प्रश्न अनुत्तरित राहतो. माय काचेवर पाय ठेवण्यापूर्वी चपला काढते. त्यामागे भीती किती आणि भक्ती किती हे तिलाही सांगता येत नाही. आबांचे मत असे की तोरणमाळ समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर आहे आणि तिथे एस. टी. जाते.

मनोऱ्यावर फिरते हॉटेल आहे. ते 72 मिनिटांत पूर्ण गिरकी घेते, म्हणजे सूप येताना सरोवर समोर असेल तर बिल येईपर्यंत ते पुन्हा समोर येते. जागचे न हलता प्रदक्षिणा पूर्ण होण्याची ही सोय प्रकाशाच्या केदारेश्वरालाही नाही. खाली पसरलेल्या सरोवराचा पलीकडचा काठ दिसत नाही. त्याचे क्षेत्रफळ 19 हजार चौरस किलोमीटरच्या जवळपास आहे. नंदुरबारसारखे तीन जिल्हे त्यात बुडवले तरी पाणी उरेल. शिवाय ते गोडे पाणी आहे. ही गोष्ट आबा दोनदा विचारून खात्री करून घेतात आणि मग काठावर एकही मोटार का दिसत नाही असे विचारतात.

शहराच्या पोटात पाथ नावाचे भुयारी मार्गांचे जाळे आहे. तीस किलोमीटरहून अधिक, दोन्ही अंगांना दुकाने. लोणखेड्याहून प्रकाशाला चालत जाऊन परत यावे एवढे हे अंतर ऊन, पाऊस, बर्फ आणि देव यांपैकी काहीही न लागता कापता येते.

टोरांटोतल्या खाण्याचा विषय टिम हॉर्टन्सपासून सुरू करावा लागतो, कारण गाडी कुठेही निघाली तरी पहिली तिथे थांबते. या नावाचा आइस हॉकीचा खेळाडू टोरांटोच्या संघात होता; त्याने 1964 साली हॅमिल्टनमध्ये डोनटचे दुकान काढले आणि आज देशाच्या कानाकोपऱ्यात त्याची दुकाने आहेत. कॉफीत दोन वाटे साय आणि दोन वाटे साखर हवी असेल तर 'डबल-डबल' म्हणायचे. मायला हा एकच इंग्रजी शब्द पहिल्या दिवशी येतो आणि तेवढ्यावर तिचे सहा महिने निभतात. चहा मात्र तिथे दोरीला बांधलेली पुडी गरम पाण्यात सोडून करतात. बादली विहिरीत सोडावी तशी ती पुडी सोडायची आणि चहा कधी होईल याची वाट पाहायची. तो होत नाही.

यानंतर पुटीन. हा पदार्थ मुळात क्वेबेक प्रांतातल्या खेड्यांतला, 1950च्या दशकातला. तळलेले बटाट्याचे काप, त्यावर ताज्या चीजचे गोळे आणि वरून गरम रस्सा. नावाचा अर्थ घोळ किंवा काला असा सांगतात, आणि तो आधी कोणी केला यावर दोन-तीन गावांचे वाद आहेत. इतर प्रांतांतल्या माणसाला या पदार्थाचे कोडे पडते. कुरकुरीत काही तळायचे आणि मग मुद्दाम रश्श्यात बुडवून त्याचा कुरकुरीतपणा घालवायचा, हा काय प्रकार? खान्देशी माणसाला मात्र समजावून सांगावे लागत नाही, कारण त्याने शेवभाजी खाल्लेली असते. शेव रश्श्यात पडल्यावर पहिला घास कुरकुरीत, तिसरा मऊ आणि मधला दुसरा घास हा खरा. त्यासाठीच सगळा खटाटोप. पुटीनमध्ये तोच दुसरा घास सापडतो. चीज ताजे असेल तर दाताखाली चीं असा आवाज येतो आणि त्यावरून त्याची परीक्षा करतात. अडचण एकच : रस्सा बहुधा मांसाच्या अर्काचा असतो. शाकाहारी रस्सा मिळणारे दुकान शोधून, वर बॅगेतली नंदुरबारची मिरची भुरभुरली की आबांच्या कपाळावर टोरांटोत पहिल्यांदा घाम येतो आणि चेहरा उजळतो.

दुसरा दिवस नायगाराचा. धबधबा टोरांटोपासून गाडीने सुमारे 130 किलोमीटरवर आहे. पर्यटकांना होडीतून धबधब्याच्या तोंडाशी नेतात आणि अंगावर प्लास्टिकचे अंगरखे देतात, कॅनडाच्या काठावर लाल, अमेरिकेच्या काठावर निळे. वरून पाहिले तर लाल अंगरख्यांनी खचाखच भरलेली होडी नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीसारखी दिसते, फक्त इथली मिरची ओली होत असते. घोड्याच्या नालेच्या आकाराच्या मुख्य धबधब्याची उंची सत्तावन्न मीटर आहे. त्यापुढे उभे राहून जगभरच्या माणसांनी नाना तऱ्हेचे उद्गार काढले आहेत. लोणखेड्याचा उद्गार ठरलेला : "एवढं पानी वाया जाई ऱ्हायनं!"

या उद्गाराला पोरे हसतात, पण हसण्यासारखे त्यात काही नाही. कॅनडा आणि अमेरिका यांना नेमके हेच वाटले होते. 1950 साली त्यांनी करार करून नायगाराला चक्क पाटपाळी लावून दिली. एप्रिल ते ऑक्टोबर, दिवसा, पर्यटक पाहत असताना सेकंदाला किमान 2832 घनमीटर पाणी कड्यावरून सोडायचे. रात्री आणि हिवाळ्यात त्याच्या निम्मे. बाकीचे वरच्या बाजूला वळवून दोन्ही देशांनी वीज करायची. नदीवर त्यासाठी दरवाजे बसवलेले आहेत. प्रकाशा आणि सारंगखेड्याच्या बॅरेजचे दरवाजे पाहिलेल्या माणसाला यात नवल नाही. नवल आहे ते वेळापत्रकाचे. शेतीपंपाला वीज रात्री येते म्हणून कडाक्याच्या थंडीत बॅटरी घेऊन बांधावर जाणाऱ्या आबांना, जगातला सर्वांत नावाजलेला धबधबासुद्धा रात्रपाळीतच खरे काम करतो, हे कळले की त्या पाण्याविषयी त्यांना एकदम आपुलकी वाटू लागते. पुढे तर असे निघते की 1969 साली अमेरिकेच्या लष्करी अभियंत्यांनी बांध घालून त्यांच्या बाजूचा धबधबा जूनपासून नोव्हेंबरपर्यंत पूर्ण कोरडा पाडला होता. तळाशी कोसळलेल्या दगडांचा अभ्यास करायचा होता. कोरडा धबधबा पाहायला लोकांनी गर्दी केली. उन्हाळ्यात गोमाई दरवर्षी कोरडी पडते आणि ते पाहायला कोणीही येत नाही, यात आबांना पर्यटन खात्याला वाव दिसतो.

नायगाराची वीज विकून माणूस किती मोठा होतो आणि किती लवकर बुडतो, याचे प्रात्यक्षिक तिसऱ्या दिवशी टोरांटोतच पाहायला मिळते. हेन्री पेलाट या धनिकाने त्या विजेच्या धंद्यात पैसा केला आणि 1911 ते 1914 या काळात टेकडीवर कासा लोमा नावाचा 98 खोल्यांचा वाडा बांधला. खर्च त्या काळचे 35 लाख डॉलर. पुढे वीज सरकारी मालकीची झाली, घरपट्टी भडकली, कर्जे थकली आणि 1924 साली वाड्यातल्या सामानाचा लिलाव झाला. दहा वर्षेही धड राहता आले नाही. सध्या वाडा नगरपालिकेच्या मालकीचा असून तिकीट काढून पाहता येतो. माय तो सगळा पाहून "झाडलोट कोण करत असेल?" असे विचारते, 98 खोल्यांविषयी याहून योग्य प्रश्न संभवत नाही. स्वयंपाकघरातल्या भट्टीत आख्खा बैल भाजता येई असे तिथे सांगतात. पोळ्याला बैलाच्या पाया पडणाऱ्या घरात या वाक्याचे मराठी भाषांतर केले जात नाही. "पाव भाजायचे" एवढेच सांगून पोरगा पुढच्या खोलीत नेतो.

खरी गंमत घोड्यांच्या पागेत आहे. वाड्यातून तिकडे जायला रस्त्याखालून लांबलचक भुयार आहे. घोड्यांची दालने महोगनीच्या लाकडाची, खाली परदेशी फरशी. सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा घोड्यांच्या बाजारासाठी सगळीकडे नावाजलेली आणि लोणखेड्याहून ती हाकेच्या अंतरावर. त्यामुळे या दालनात आबा मार्गदर्शकाचे ऐकत नाहीत, सांगतात. फरशीवर घोड्याचा पाय घसरतो हे त्यांचे पहिले मत. दुसरे मत देण्याआधीच एक गोष्ट कानावर येते : पेलाटच्या लाडक्या घोड्याचे दात पडू लागले तेव्हा मालकाने त्याला कवळी करून दिली होती. आबा मटकन खाली बसतात. घोड्याचे वय दातांवरून ठरते, बाजारातला प्रत्येक गिऱ्हाईक आधी जबडा उघडून पाहतो. एकदा कवळीचा शोध सारंगखेड्याला कळला की दत्तजयंतीच्या बाजारात कोणाचा विश्वास कोणावर राहायचा? ही माहिती गावी सांगायची नाही, असे ते पोराकडून वचन घेतात. स्वतः मात्र त्याच रात्री फोनवर गावातल्या जिभाऊंना सांगून टाकतात.

बाकीची स्थळे भराभर आटोपतात. एटोबिको भागातले 2007 साली उघडलेले स्वामिनारायण मंदिर 24 हजार कोरीव तुकड्यांनी जोडलेले आहे. तिथे माय चार तास बसते आणि टोरांटोला आल्याचे सार्थक झाले असे म्हणते. जेरार्ड स्ट्रीटवर 1972 साली हिंदी सिनेमांचे नाझ थिएटर सुरू झाले आणि त्याच्याभोवती देशी दुकानांची रांग उभी राहिली. तिथे सहाशे रुपयांची साडी साठ डॉलरला पाहून आबा दुकानदाराकडे आदराने बघतात. ट्राम धावताना दिसते; मुंबईने ती 1964 साली मोडीत काढली, इथे मात्र ती अजून घंटा वाजवत वळते. मराठी भाषिक मंडळाचा कार्यक्रम असलाच तर पुण्याची, नागपूरची, बेळगावची माणसे भेटतात. "तुम्ही कुठले?" या प्रश्नाला "लोणखेडा" असे उत्तर दिल्यावर पसरणारी शांतता मोडायला शहादा, नंदुरबार, धुळे अशी एकेक पायरी वर चढावे लागते. नाशिकला आल्यावर सगळे एकदम "हां, हां" म्हणतात.

टोरांटोतले सर्वांत चांगले जेवण मात्र कोणत्याही हॉटेलात मिळत नाही. ते शेवटच्या संध्याकाळी पोराच्या घरी शिजते आणि त्याला आसपासची चार मराठी कुटुंबे लागतात. बेत भरीत, कळण्याची भाकरी आणि ठेचा. भरिताची हिरवी-पांढुरकी वांगी तिथे मिळत नाहीत. जांभळी, बाटलीच्या आकाराची मिळतात. ती पऱ्हाटीच्या जाळावर भाजायला हवीत आणि घरात शेगडी आहे काचेच्या पाटीची, जिच्यात जाळच नाही. वांगी ओव्हनमध्ये जातात आणि आजाऱ्यासारखी मऊ होऊन बाहेर येतात. निदान ठेच्यात तरी तडजोड नको म्हणून माय लोखंडी तव्यावर मिरच्या टाकते, वरून तेलाची धार, लसूण, मीठ. मिरची तडतडते, पहिला ठसका सुनेला लागतो, दुसरा नातवाला, आणि तिसरा घराला. छतावरचे धुराचे यंत्र किंचाळू लागते. ऑन्टारियोच्या कायद्याने घराच्या प्रत्येक मजल्यावर असे यंत्र लावावे लागते आणि पुष्कळ घरांत ती एकमेकांना जोडलेली असतात, त्यामुळे तळघर आणि वरचा मजलाही साथ देतात. पोरगा खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालतो, सून खिडक्या उघडते, पाहुणे दारे उघडतात. माय तव्यावरची नजर न काढता म्हणते, "घराले ठसका लागना, पानी पाजा त्याले."

त्याच रात्री दहानंतर, एकदाचा अंधार पडल्यावर, सरोवरावर फटाके उडतात. आबा ते नंदुरबार जिल्ह्याच्या खात्यावर जमा करून घेतात.

परतीच्या बॅगेत मेपलचा पाक असतो. मेपलच्या झाडाला वसंतात खाच पाडून गोड पाणी गोळा करतात आणि ते आटवतात. चाळीस लिटर पाण्याचा एक लिटर पाक होतो. लोणखेड्याच्या चारी बाजूंनी ऊस, आणि पुरुषोत्तमनगरचा सातपुडा साखर कारखाना याच तालुक्यातला. उसाचा उतारा दहा-अकरा टक्के पडतो, तो अर्ध्या टक्क्याने घसरला तरी सभेत खुर्च्या हलतात. मेपलचा उतारा अडीच टक्के असल्याचे ऐकून आबांना त्या झाडांच्या सभासदांची कणव येते. जगातला बहुतेक पाक क्वेबेक प्रांतात होतो आणि तिथे त्याचा राखीव साठाही ठेवतात. 2011-12 मध्ये त्या साठ्यातला सुमारे तीन हजार टन पाक चोरीला गेला. चोरांनी काही पिंपांत पाणी भरून ठेवले होते. दुधाच्या धंद्यातली ही जुनी युक्ती तिथपर्यंत पोहोचलेली पाहून जग जवळ आल्याची खात्री पटते.

गावी बाटली फुटते ती जिभाऊंसमोर. ते बोटावर थेंब घेतात, जिभेवर ठेवतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात : "काकवीच शे. पातय करी टाकी." पंधरा दिवसांत दशम्यांबरोबर पाक संपतो. मेपलच्या पानाच्या आकाराची काचेची बाटली राखेने घासून लख्ख होते आणि पुढच्या सोमवारी प्रकाशाच्या संगमावरून तापीचे पाणी भरून देवघरात येऊन बसते.